परक्या घरी: पळसदेवहून बारामती, बारामतीहून सालामांका

परदेशी शिकून आलेल्या मुलामुलींना आपण हमखास तीन प्रश्न विचारतो. खर्च किती आला, आता पगार किती मिळणार आणि लग्नाचे काय ठरवले. राहायला कोणाच्या घरी होतीस, त्या घरी पहिल्या दिवशी पानात काय वाढले, हे फारसे कोणी विचारीत नाही. आम्ही कारकून माणूस, आधी हिशेब विचारायची सवय. तरी या खेपेस आम्ही भाचीला हिशेबाच्या आधी घराबद्दल विचारले. तिने जे सांगितले ते आपल्या वाचकांच्या घरोघरी, विशेषतः शिकणाऱ्या लेकी असलेल्या घरी, वाचले जावे म्हणून हा लेखनप्रपंच.

भाची इंदापूर तालुक्यातली, पळसदेवच्या बाजूची. २०२३ च्या सप्टेंबरात ती स्पेन देशात सालामांका या शहरी स्पॅनिश भाषा शिकायला गेली आणि डिसेंबरात परत आली. तिथे ती वसतिगृहात राहिली नाही. शाळेनेच ठरवून दिलेल्या एका कुटुंबात, दरमहा पैसे देऊन, घरच्या माणसासारखी राहिली. भाषा शिकायला येणाऱ्यांसाठी तिकडे ही जुनी रीत आहे. सकाळी वर्गात व्याकरण, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत घरात बोलणे. मिठाला काय म्हणतात हे पुस्तकात सापडेल, पण मीठ कमी आहे हे यजमानीणबाईंना न दुखावता कसे सांगायचे, ते जेवणाच्या टेबलावरच शिकावे लागते.

पुण्याहून सोलापूरकडे निघाले आणि भिगवण सोडले की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. समुद्र पाहिला नसलेल्या माणसाला तो समुद्रच वाटावा. धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे दगडी देऊळ उघडे पडते. लोक होड्या करून ते पाहायला जातात. आमच्या आक्काच्या सासरची घरे मातीची होती, ती काही वर येत नाहीत. तिच्या सासूबाई नव्या गावठाणात तीस वर्षे राहिल्या, तरी मरेपर्यंत या जागेला 'तिकडं' आणि पाण्याखालच्या जागेला 'घरी' म्हणत. परक्या जागी रुळायला किती काळ लागतो याचे मोजमाप आमच्याकडे एवढेच आहे.

थंडीत याच पाण्यावर रोहित पक्षी येतात. अग्निपंख म्हणतात त्यांना. ते पाहायला पुण्या-मुंबईच्या मोटारी येतात. आक्का मात्र पहाटे भिगवणच्या मासळी बाजाराला जाते. मासे निवडायचे, बर्फ फोडायचा, टोपल्या उचलायच्या. हाताचा वास जात नाही म्हणून ती लग्नकार्यात हात पदराखाली घेऊन बसते. भाची दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा आक्का तिला घेऊन एस.टी.ने बारामतीला आमच्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, ही आता तुझ्याकडं."

बारामतीत मुलामुलींना शिकायला पुष्कळ सोयी आहेत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. गावातून नीरेचा डावा कालवा वाहतो, आणि एम.आय.डी.सी.त पियाजिओ, फेरेरो अशा इटलीच्या कंपन्या आहेत. तेव्हा गोरा साहेब दिसला म्हणून इथे कोणी थांबून पाहत नाही. पण पळसदेवच्या पोरीला त्या वेळी भिगवण चौकातली रहदारीसुद्धा परदेशच होती. आमच्या घरात ती पहिले काही दिवस पाहुण्यासारखी नाही, मोलकरणीसारखी वागली. सर्वांच्या आधी उठायची, न सांगता भांडी घासायची, पानात पहिल्यांदा पडले तेवढ्यावरच हात धुवायची. आमच्या मंडळींनी तिला एक दिवस पाटावर बसवून सांगितले, "ज्या दिवशी तू दुसऱ्यांदा भात मागशील, त्या दिवशी तू या घरची झालीस असं मी धरीन." तो दिवस यायला दोन महिने लागले. सख्ख्या मामाच्या घरी दोन महिने!

बी.कॉम. झाल्यावर तिला पुण्यात नोकरी लागली, आणि खोली शोधायची वेळ आली. आम्ही दोघे एका रविवारी फिरलो. पहिल्या ठिकाणी नाव विचारले, मग पूर्ण नाव, मग गाव, मग गावात कुठे. एवढी चौकशी झाल्यावर खोली कालच दिली असल्याचे घरमालकांना आठवले. दुसऱ्या ठिकाणी, आमच्याकडे सगळे शुद्ध असते, एवढेच वाक्य ऐकू आले. तिसऱ्या ठिकाणी तर दारातच उत्तर. शेवटी तीन मुलींनी मिळून घेतलेल्या जागेत चौथी म्हणून ती राहिली. वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. प्रत्येक घरात अशी एक तरी रविवारची फेरी झालेलीच असते. पुढच्या गोष्टीसाठी ती ध्यानात ठेवावी, एवढेच.

तिच्या कचेरीत परदेशी कंपन्यांची बिले तपासण्याचे काम चाले. स्पेन आणि मेक्सिकोची बिले स्पॅनिशमध्ये येत. ज्याला ती भाषा येते त्याला पगार जास्त, हे पाहून तिने संध्याकाळचा वर्ग लावला. ही भाषा जगातल्या वीसेक देशांची राजभाषा आहे. दक्षिण अमेरिकेचा ब्राझील सोडला तर बहुतेक खंड ती बोलतो. आम्ही तिला गमतीने विचारले, पगाराला काय म्हणतात गं तुझ्या भाषेत? ती म्हणाली, "मामा, पगार हा शब्दच तिकडचा. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे." पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. पोर्तुगीज गोव्यात, वसईत राहिले आणि त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि बांधकामावर येऊन बसले. बटाटा, पाव, साबण, चावी, बादली, घमेले, मेस्त्री. पळसदेवच्या बाजारात मेथीची जुडी विकणारी बाईही दिवसातून दहा पोर्तुगीज शब्द बोलत असेल आणि तिला कोणी सुशिक्षित म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती आम्हांला फार आवडली. इंग्रजी बोलणारी मुले स्पॅनिश शिकताना एका ठिकाणी अडतात. इंग्रजीत 'मी चहा आवडतो' अशा धर्तीचे वाक्य असते. स्पॅनिशमध्ये 'मला चहा आवडतो' अशीच रचना आहे, आपल्यासारखी. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडते'. आपले त आणि द हे वर्णही त्यांच्यासारखे दातांना जीभ लावून येतात. अमेरिकन मुलांना ते महिनाभर घोटावे लागले, आणि आमच्या भाचीला गुरुजींनी पहिल्याच दिवशी शाबासकी दिली. तू आणि तुम्ही हा भेदही त्यांच्यात आहे. मराठी शाळेत शिकलो म्हणून मागे पडलो असे रडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

एका गोष्टीला मात्र ती अडली. आपण 'आहे' एकदाच म्हणतो. त्यांच्यात 'आहे' दोन. एक मुळात असण्याचे, दुसरे सध्या असण्याचे. मी इंदापूरची आहे, यात पहिले. मी सालामांकात आहे, यात दुसरे. पहिले पंधरा दिवस ती दोन्हींची गल्लत करी आणि यजमानीणबाई हसून दुरुस्त करीत.

आता त्या घराविषयी. सालामांका हे माद्रिदपासून मोटारीने अडीच तासांवरचे जुने शहर. तिथले विद्यापीठ १२१८ सालचे, म्हणजे आठशे वर्षे उलटून गेली. दगड पिवळसर, संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखा दिसतो म्हणतात. मधोमध मोठा चौक आहे, त्याचे बांधकाम १७२९ मध्ये सुरू झाले. बारामतीकरांना सांगायचे तर मोरोपंतांचा जन्म झाला त्याच वर्षी. असो. घर तिसऱ्या मजल्यावर. यजमानीणबाई निवृत्त, साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला. मुलगी त्याच गावात, नातू शाळेतून दुपारी आजीकडे येणारा. भाची त्यांना 'सेन्योरा' म्हणे.

पोचली त्या दिवशी सेन्योरांनी तिच्या हातात दाराची चावी दिली. आम्ही फोनवर हे ऐकले तेव्हा आमच्या मंडळींनी दोनदा विचारले, "पहिल्याच दिवशी चावी?" मग घराचे नियम. आंघोळ थोडक्यात आटपायची, कारण गरम पाणी महाग. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. घरात अनवाणी फिरायचे नाही, सपाता घालायच्या. हे तिला सर्वांत अवघड गेले. जेवण दुपारी अडीच-तीनला आणि रात्री साडेनऊला. दुपारी दुकाने बंद. खिडक्यांना गुंडाळता येणारे पडदे असतात, ते पाडले की दिवसाही खोलीत मिट्ट काळोख. पहिल्या आठवड्यात ती त्या काळोखात रडली, हे तिने आक्काला सांगितले नाही, मामीला सांगितले.

जेवणात पाव प्रत्येक वेळी. एक दिवस मसुरीची आमटी, बटाट्याचे जाडजूड आम्लेट, कधी मासे. माशांवर तिचा हात चालला, भिगवणची पोर! सेन्योरांना काटा काढता येईना इतक्या चटकन ती काढी. डुकराचे मांस तिकडे रोजचे. तिला खायचे नव्हते. तिने सांगितले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून मसुरीत डुकराचे तुकडे पडले नाहीत, तिच्यासाठी आधीच वेगळी काढलेली असे. वेगळी काढलेली, पण त्याच टेबलावर, त्याच पळीने वाढलेली. वेगळे आणि वेगळे यांत किती अंतर असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तिने बरोबर ज्वारीचे पीठ आणि काळे तिखट नेले होते. भाकरी थापली, पण तिथे विजेची शेगडी, जाळ नाही, त्यामुळे ती फुगेना. हरभऱ्याचे पीठ मात्र त्या देशात दुकानात मिळते. तिने पिठले केले. सेन्योरांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि खोकल्यातून सावरल्यावर त्यांनी आणखी थोडे मागितले. नातवाने नुसता पाव खाल्ला.

एकदा शाळेचा अर्ज भरायचा होता. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले साधारणपणे बापाचे आणि दुसरे आईचे. लग्न झाले तरी बाई आपली आडनावे बदलत नाही. भाचीने दुसरी जागा रिकामी सोडली होती. सेन्योरा म्हणाल्या, तुझ्या आईचे आडनाव लिही, तिला माहेर नाही का? तिने आमचे आडनाव लिहिले. पुण्यातल्या ज्या रविवारची गोष्ट वर सांगितली, त्या दिवशी आडनाव विचारले गेले ते दार लावण्यासाठी. इथे विचारले ते आईची जागा भरण्यासाठी. आक्काला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांचं नाव गेलं म्हणायचं लांब." आपल्या राज्यातही २०२४ पासून सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम झाला आहे. नाव लागले, तसा मानही लागो.

तीन महिन्यांत त्या शहरात तिला जात विचारणारा एकच माणूस भेटला. तो आपल्याच देशातला एक विद्यार्थी होता. आधी गाव, मग पूर्ण नाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' भाचीने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध." तो म्हणाला, छान छान, आणि पुढे वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागला. घरी आल्यावर तिचे तोंड उतरलेले पाहून सेन्योरांनी खोदून विचारले. तिला स्पॅनिशमध्ये समजावून सांगणे जमेना, म्हणून तिने इंग्रजी 'कास्ट' शब्द वापरला. सेन्योरा म्हणाल्या, हा तर आमचा शब्द.

आणि ते खरे आहे. 'कास्टा' हा स्पेन-पोर्तुगालचा शब्द, अर्थ वंश, कूळ, जातकुळी. पोर्तुगीजांनी इथली व्यवस्था पाहून तिला आपला शब्द लावला आणि तोच पुढे इंग्रजीत गेला. शब्द त्यांच्याकडे होता, कारण रोगही होता. १४९२ साली स्पेनने ज्यू लोकांना धर्म बदला नाहीतर देश सोडा असे फर्मावले. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्याही मागे चौकशी लागली, की रक्त शुद्ध आहे का, आजोबा कोण होते. तोलेदो शहरात असा रक्तशुद्धीचा पहिला नियम १४४९ सालीच झाला होता. पुढे मठ, महाविद्यालये, सरकारी जागा, सगळीकडे वंशावळीचे कागद मागू लागले. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे चालले. डुकराचे मांस खातो की नाही यावरून माणसाची पारख होई. सेन्योरांनी हे शाळेत शिकलेले होते. ज्या ताटातला पदार्थ नको म्हटल्यावर एके काळी त्या देशात माणसाची चौकशी झाली असती, तोच पदार्थ आमच्या भाचीने नको म्हटला आणि कोणी का म्हणून विचारले नाही. रक्तशुद्धी मोडायला त्यांना चारशे वर्षे लागली, पण मोडली. डॉ. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. भाचीने त्या रात्री मोबाईलवर तो निबंध पुन्हा वाचला. कॉलेजात पाठ्यपुस्तकासारखा वाचला होता, म्हणाली, आता पत्रासारखा वाचला.

बाबासाहेबांनीही परक्या देशात परक्या बिऱ्हाडी दिवस काढले. कोलंबियात अर्थशास्त्राच्या ढीगभर विषयांबरोबर त्यांनी फ्रेंच आणि जर्मन भाषांचेही वर्ग केले. पुढे ते जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घालून आले. लंडनमध्ये खाण्याचे हाल झाले. घरमालकीण सकाळी पावाचा पातळ तुकडा देई आणि रात्री ते पापड भाजून त्यावर भागवीत, हे त्यांच्या चरित्रात आपण वाचले आहे. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. तिथे त्यांना अर्धपोटी राहावे लागले, पण दारातून हाकलले गेले नाही. हाकलले गेले ते बडोद्याला. १९१७ साली, परदेशातून पदव्या घेऊन आल्यावर, संस्थानची नोकरी असताना, एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसे आली. मित्रांनी जागा दिली नाही आणि ते कामाठीबागेत बसून राहिले. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. भाची परत येताना आम्हांला याच गोष्टीची चिंता होती. तिने पुण्यात पुन्हा खोली शोधली. कशी मिळाली ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही.

आता हिशेबाकडे. ज्यांच्या मुलांना असे जायचे असेल त्यांनी काही गोष्टी आधी पाहाव्यात. तीन महिन्यांपर्यंतचा, म्हणजे ९० दिवसांचा परवाना वेगळा आणि त्याहून अधिक काळाचा वेगळा. युरोपात जाताना किमान ३० हजार युरोचा आजारपणाचा विमा लागतो. घर ठरवताना दोन वेळचे जेवण धरले आहे की तिन्ही वेळचे, कपडे धुण्याची सोय, थंडीत खोली गरम ठेवण्याचा खर्च आणि शाळेपर्यंत चालत किती वेळ, हे लेखी विचारून घ्यावे. सालामांका उंचावर आहे, नोव्हेंबरात दव गोठते. स्वेटर इथून न्यावेत. परीक्षा 'देले' नावाची असते, ती सेर्वांतेस संस्था घेते. त्या संस्थेचे केंद्र दिल्लीत २००९ पासून आहे, म्हणजे परीक्षेसाठी परदेशी जायलाच हवे असे नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ मुलांना दरवर्षी मिळते, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी. भाषेच्या छोट्या वर्गाला तिचा उपयोग नाही. आमच्या भाचीचा खर्च तिची तीन वर्षांची शिल्लक, आक्काची भिशी आणि आम्ही पतपेढीतून काढलेले कर्ज यांतून भागला. कर्ज फिटले आहे.

सेन्योरा येत्या जानेवारीत हिंदुस्थानात यायचे म्हणतात. त्यांना रोहित पक्षी पाहायचे आहेत, आणि पळसदेवला आक्काच्या घरीच राहायचे आहे, हॉटेलात नाही. आक्काने आधी हात झटकले. तिला आमची भाषा येत नाही, मला तिची येत नाही, घराला पत्रा, पहाटे मला बाजारला जावं लागतं. आता मागच्या खोलीत फरशी बसवून घेतली आहे. परवा फोनवर आम्हांला विचारीत होती, "दादा, ती बाई घरात सपाता घालती म्हणतेस, तर जोड आपण आणून ठेवायचा का ती आणील? आणि पायाचा नंबर कुणाला विचारू?"